घडीवरची माणसं

"ताई, बाकीचे अर्धे कुठंयत?" फाइलवाल्याने विचारलं आणि तिला वाटलं, कागद कमी पडले. वीस मोजून आणले होते, तीनदा मोजून, तरी तिने पिशवी उलटी करून झटकली. पिशवीतून खडूचा एक तुकडा आणि दोन टाचण्या पडल्या. "वीस असतील बघा," ती म्हणाली. "कागद वीसच आहेत हो," तो म्हणाला, "मी माणसांबद्दल विचारतोय." त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीत बसवलेलं एक लांबुळकं खोकं होतं. कॉलेजच्या पोरापोरींच्या वह्या, नकाशे, प्रकल्प बांधून देता देता त्याचे केस पांढरे झाले होते आणि बोटांवर डिंकाचा पापुद्रा कायमचा बसला होता. क्रम ठरवण्यासाठी तिची वीस चित्रं त्याने आधी काउंटरवर मांडली, काउंटर भरल्यावर स्टुलावर आणि उरलेली स्वतःच्या खुर्चीवर. आता बसायला जागा नसल्यामुळे तो उभा होता आणि मान तिरकी करून एकेकाकडे बघत होता. "हे बघा ना. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं तोंड, एक हात. मग सरळ रेघ आणि पुढं काही नाही. विसाच्या वीस तशीच. आणि रेघेवर हे बारीक काय लिहिलंय, घडी? चित्राचं नाव का?"

तिने पाहिलं. आणि अगदी खरं सांगायचं तर त्या घटकेपर्यंत तिला ते दिसलंच नव्हतं. अकरा वर्षं ती ही माणसं काढत होती, खाकी कागदावर, मऊ शिसाने, आपल्या शिवणाच्या दुकानातलं काम आवरल्यावर जेवढा वेळ मिळेल तेवढा. अकरा वर्षं तिला ती पुरी दिसत होती. जाडजूड नर्सबाई, दरवर्षी कोट उसवून घेणारे निवृत्त गणिताचे मास्तर, लग्नाच्या आदल्या दिवशी माप द्यायला आलेली ती हसरी मुलगी, सगळी दोन डोळ्यांची, दोन खांद्यांची, धडधाकट. आता फाइलवाल्याच्या ट्यूबलाइटखाली नर्सबाई नाकाच्या मधोमध संपली होती. मास्तरांना एकच बाही होती. आणि त्या प्रत्येकाच्या कडेने, खऱ्या रेषेबाहेर बोटभर अंतर सोडून, ठिपक्यांची दुसरी एक रेषा फिरली होती. शिवण घालायला जे जादा कापड ठेवतात आणि ज्याला शिंपी माया म्हणतात, ती तिने इमानेइतबारे प्रत्येक माणसाभोवती सोडून ठेवली होती. परवा, गुरुवारी, अकरा वाजता कलाशाळेत मुलाखत होती. आणि तरी तिला हसू आलं. ते आधी नाकातून फुटलं, मग खांद्यांतून, आणि शेवटी ती काउंटरला धरून इतकी हसली की फाइलवाल्याने खुर्चीवरचे मास्तर उचलून तिला बसायला जागा करून दिली.

बेतणारी माणसं अख्खं काही काढत नाहीत, हे त्याला कसं समजावून सांगायचं? कोटाची पाठ काढायची तर अर्धीच काढायची. कापड मधोमध दुमडायचं, कागदाची सरळ कड त्या दुमडीवर ठेवायची, कडेवर 'घडी' असं लिहायचं म्हणजे चुकून तिथे कात्री चालत नाही, आणि बाकीचं कापायचं. उलगडलं की पाठ पुरी. गळा तसाच, पुढचा भाग तसाच. माणसाची डावी बाजू उजवीसारखीच असते असं धरून चालल्याशिवाय हा धंदा एक दिवस चालायचा नाही. ती नऊ वर्षांची असल्यापासून हे करत आली होती. आईने तिला पहिला गळा काढायला दिला तेव्हा तिने हौसेने पूर्ण गोल काढला होता आणि आई म्हणाली होती, "एवढं कशाला काढत बसलीस? अर्धं काढ, उरलेलं येतंय आपोआप." ते तिला इतकं आवडलं होतं. अर्ध्या कष्टात अख्खी वस्तू. त्यानंतर शाळेत, पत्रात, स्वप्नातसुद्धा तिचा हात मधल्या रेषेपाशी थांबायचा आणि डोळा पुढचं उलगडून घ्यायचा. कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत ते उघडकीला आलं नाही याचं कारण एवढंच, की परीक्षेत त्यांनी खुर्चीवर टाकलेली चादर काढायला दिली होती. आणि चुरगळलेलं कापड म्हणजे तर तिच्या हातचा मळ. चादरीला डावंउजवं नसतं. साडेतीनशे जणांत ती पहिली आली होती आणि त्या जोरावर मुलाखतीचं पत्र आलं होतं: स्वतःची वीस चित्रं बांधून आणावीत, नोकरीधंदा करणाऱ्यांसाठी दोन जागा, वयोमर्यादा पस्तीस. तिला पस्तीस पूर्ण व्हायला सात आठवडे उरले होते. म्हणजे परवा नाही तर कधीच नाही, हे काही कोणी तिला वेगळं सांगायला नको होतं.

"एक सांगू?" फाइलवाला म्हणाला. तिचं सगळं ऐकून घेताना त्याने नर्सबाईला हळूच पालथं ठेवलं होतं, उघड्यावर राहू नये म्हणून असेल. "म्हणायचं, मुद्दाम केलंय. हसायचं मात्र नाही. तोंड असं लांब करायचं आणि म्हणायचं, माणूस अर्धाच कळतो, वगैरे. चालतंय ते. मागच्या साली एकजण नुसते कोरे कागद बांधून घेऊन गेला माझ्याकडून. कलाशाळेत आहे तो आता, जाताना हात करतो." तिने त्याचं तोंड लांब करणं बघितलं आणि तिला पुन्हा हसू आलं. वाक्य चांगलं होतं. ते म्हणून टाकावं असा मोहही झाला. पण तिच्या अंगात एव्हाना दुसरंच वारं शिरलं होतं. ती म्हणाली, "आज बांधू नका. उद्या संध्याकाळी आणून दिलं तर जमेल?" "सातला शटर ओढतो," तो म्हणाला. "सहाला या."

बाहेर दुपार होती आणि रस्ता माणसांनी भरला होता, आणि त्या प्रत्येकाला, तिने नीट बघून खात्री करून घेतली, दुसरी बाजू होती. हे काही नवं नव्हतं. नवं हे होतं की ती बाजू वेगळी होती. बसथांब्यावरच्या एका गृहस्थाचा उजवा गाल गुळगुळीत होता, आणि ती त्याला वळसा घालून पलीकडे गेली तर डाव्या जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा पुंजका तसाच राहिलेला. याच्या मोरीतला दिवा एकाच बाजूला असणार. फुलवालीचा एक कान टोचलेला होता आणि दुसरा नव्हता. चौकातल्या पोलिसाची एक बाही मनगटाला टेकत होती आणि दुसरी पंज्यावर आली होती, आणि इतकी वर्षं असली बाही दिसली की ती मनात त्या शिंप्याला शिव्या घालायची. आता तिला वाटलं, बाह्या सारख्याच असतील, हात सारखे नसतील. ती भराभर चालत होती, माणसांच्या डावीकडून उजवीकडे जात होती, धक्के देत होती, माफ करा म्हणत होती, आणि तिला कोणी तरी भेट म्हणून दुप्पट शहर देऊन टाकल्यासारखं झालं होतं. पिशवीतल्या वीस जणांबद्दल वाईट वाटायला हवं होतं, वाटत नव्हतं. उलट तिला घाई झाली होती. काखेतल्या नर्सबाईला पलीकडे कोणता डोळा होता? त्या लग्नाच्या मुलीच्या हसण्याची दुसरी कड कुठे पोचत होती? मापं घेताना ती नेहमी गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला उभी राहायची, फीत उजव्या खांद्यावर टेकवायची, कारण आई तशी उभी राहायची, आणि आई तशी उभी राहायची कारण दुकानात डावीकडे भिंत होती. डावीकडची शेकडो माणसं तिच्या हातून तशीच निघून गेली होती, आपापले कोट घेऊन.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खिडकीशी बेतायचं लांब टेबल, ते तिचं. त्याच्या डाव्या हाताला, भिंतीला अगदी खेटून, आईचं मशीन. सव्वीस वर्षांपूर्वी वडिलांनी ते तिथे ठेवलं तेव्हा खिडकीचा उजेड सुईवर कसा पडेल एवढंच पाहिलं होतं, आणि पुढे दोनच वर्षांत ते स्वतः गेले, त्यामुळे त्यांनी ठेवलेली वस्तू हलवण्याचा विषय कोणी काढला नाही. मशीनच्या चार पायांखाली फरशीत चार वाट्या पडल्या होत्या. आई त्या मशीनवर बसली की तिची डावी बाजू भिंतीची आणि उजवी लेकीची, अशी वाटणी होती. आता ती दारातून आत आली तेव्हा आई हॉस्पिटलच्या तीस एप्रनांपैकी अकराव्यावर होती. तिने मान वर न करता विचारलं, "बांधून झालं का ग?" लेकीने पिशवीतून नर्सबाई काढली, मशीनच्या पाटावर एप्रनच्या वर ठेवली आणि म्हणाली, "आई, यात काय कमी आहे सांग." आईने पायडल थांबवलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि चित्र उजेडाकडे धरलं. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, गिऱ्हाइकाचा नवा कागद वाचावा तसं. "कमी काही नाही," ती शेवटी म्हणाली. "कमरेला माया जरा जास्तच सोडलीस. पण ही बाई सुटतेय, असू दे."

मग दोघी किती हसल्या ते सांगण्यात अर्थ नाही. आईला आधी कळलंच नाही की लेक कशाला हसते आहे, आणि कळलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढून तिखट लागल्यासारखे डोळे पुसायला लागली. "अग हो की," ती म्हणत राहिली. "एकच डोळा की ग. आणि मी कौतुकाने बघतेय." मग हसणं ओसरलं. आईने नर्सबाईची कड बोटाने सरळ केली. "आता काय करायचं?" तिने विचारलं. तो आवाज वेगळा होता. लेकीच्या अर्जाबद्दल आई आजवर कधी हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. ती एवढंच म्हणायची, की मग कापणार कोण. पण पत्र आलं त्या दिवशी तिने ते घडी घालून मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवलं होतं, आणि त्या खणात ती फक्त हरवू नयेत अशा वस्तू ठेवायची. "सगळी वीस परत काढायला वेळ नाही," लेक म्हणाली. "पण एक काढते. तुझं." आई म्हणाली, "माझं आहे की त्यात." होतं. विसातलं सगळ्यात जुनं, अकरा वर्षांपूर्वीचं, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. आईची उजवी बाजू, काळे केस, सुईकडे झुकलेली मान, उजवा हात चाकावर. "त्याची दुसरी बाजू," ती म्हणाली. "त्यासाठी मशीन ओढावं लागेल."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. हलवलेलं मशीन टाके सोडतं अशी तिची पक्की समजूत होती, आणि तिच्या ओळखीच्या दोन बायकांची तशी उदाहरणं ती नेहमी तोंडपाठ सांगायची. एकीचं मशीन दुसऱ्या खोलीत नेलं आणि ते सहा महिने रुसून बसलं. "एकोणीस एप्रन उरलेत," ती म्हणाली. "आणि तुला मी रोज दिसते की. जेवायला समोर बसते. तेव्हा बघ की डावं नि उजवं." हे खरं होतं, आणि त्यातच तर गंमत होती. जेवताना आई समोर असायची तेव्हा तिचा हात ताटावर असायचा. हातात शिसपेन्सिल असायची तेव्हा आई मशीनवर असायची आणि डोळे फक्त मिळत तेवढी बाजू घ्यायचे. बघणं आणि काढण्यासाठी बघणं यांत किती अंतर आहे ते तिला आज दुपारी कळलं होतं, आणि कळल्यापासून तिला स्वस्थ बसवत नव्हतं. "काम करताना बघायचंय," ती म्हणाली. आईने सुईखालचा एप्रन काढून घेतला, दोरा तोडला आणि म्हणाली, "सकाळी. उजेड असताना. आणि उचलायचं, ओढायचं नाही."

बुधवारी सकाळी त्यांनी ते उचललं. उचललं म्हणजे एक टोक एकीने, दुसरं दुसरीने, आणि तीन वेळा टेकवत, आईच्या सूचनांच्या तालावर, भिंतीपासून हातभर अलीकडे आणलं. मागे भिंतीवर मशीनच्या उंचीचा एक स्वच्छ पट्टा निघाला आणि जमिनीवर सव्वीस वर्षांची पडझड: बटणं, सुया, एक खडू, रंग गेलेल्या दोऱ्यांचे गुंते आणि लेकीची लहानपणची, कधीच विसरलेली केसांची पिन. आईला त्यात रस होता, ती बटणं गोळा करायला वाकली. पण लेकीच्या डोळ्यांपुढे ती मोकळी झालेली चिंचोळी जागा होती, भिंत आणि मशीन यांच्या मधली. ती पाठीने भिंत घासत आत शिरली आणि स्टूल ओढून बसली. पाठीला भिंत गार लागली. आई मशीनवर बसली, एप्रन घेतला, पायडल मारलं, आणि त्या अनोळखी बाजूने तिची आई काम करायला लागली. तिला क्षणभर कळेना की आपण कोणाच्या दुकानात आलो आहोत. या बाजूचे केस सगळे पांढरे होते. भुवई मध्येच तुटलेली होती. ओठाची कड खाली वळलेली होती, त्यामुळे उजवीकडून जी बाई शांत दिसायची ती इकडून कसल्या तरी गोष्टीवर नाराज, आणि नीट बघितलं तर नाराज नाही, नुसती दमलेली दिसत होती. डावा हात, जो कापड पुढे सरकवतो आणि सगळं खरं काम करतो, तो उजव्यापेक्षा मोठा होता. उजव्या हाताची एवढी चित्रं काढली आपण, तिच्या मनात आलं, आणि तो हात सारा वेळ नुसता चाकावर विसावला होता.

तिने काढायला सुरुवात केली. घडीची रेघ आधी मारायची सवय होती, ती या वेळी मारली नाही. लहानपणी नव्या कापडाचा तागा उघडताना व्हायचं तसं होत होतं, की पुढच्या वळशाला काय निघेल सांगता येत नाही. ती नुसती "थोडं वर बघ, आता सुईकडे बघ" म्हणत राहिली. मग ती खांद्यापाशी आली आणि अडकली. खांदा कागदावर बसेना. मान जिथे संपत होती तिथून कापडाची शिवण सरळ बाहेर जात होती, पण हाताचा उगम बराच खाली होता. मध्ये काही तरी भलतंच होतं. ती पुढे झुकली आणि आईने बघितलं की लेक काय बघते आहे. आईने चटकन डावा खांदा उचलला आणि ताठ बसली. "थांब, नीट बसते," ती म्हणाली. लेकीने हात लांब करून आईच्या खांद्याला बोट लावलं. बोट रुतलं. आत अस्तराच्या चिंध्यांची, दोन बोटं जाडीची, हाताने शिवलेली एक उशी होती.

"हे काय आहे?"

"काही नाही. भर आहे."

"मी नाही घातली भर."

"मीच घालते," आई म्हणाली. ती एप्रनकडे बघत होती. "तू कापून देतेस ना, मग मागाहून घालते. माझा हा खांदा उतरता आहे पहिल्यापासून. तुझी कटिंग चांगलीच असते ग. मीच जरा वाकडी आहे."

तिच्या डोळ्यांसमोर आईचे सगळे कपडे आले, तिने बेतलेले. पंचवीस वर्षांतला प्रत्येक घडीवर कापलेला, दोन्ही खांदे सारखे, मापात, डाग नाही, दोष नाही. आणि प्रत्येकात, लेक दुसऱ्या खोलीत गेल्यावर, आईने चिंध्या कोंबून खांदा वर आणलेला. इतकी वर्षं ती आईला अर्धीच मापत होती आणि उरलेली आई आपोआप यावी म्हणून आईच धडपडत होती. "सांगायचं नाही का?" ती म्हणाली. तिचा आवाज चिडका निघाला. आई म्हणाली, "काय सांगायचं? तू नऊ वर्षांची होतीस, पहिला कपडा माझा कापलास आणि नाचत आणून दिलास. त्यात खांदा लोंबत होता. तुला कुठं म्हणू की चुकलं? मग राहिलंच ते." मग ती म्हणाली, "तू तीन वर्षांची होईस्तोवर या कडेवरून उतरत नव्हतीस, त्याने झालं असं मी लोकांना सांगते. पण माझ्या आईचाही तसाच होता." तिला रडू आलं आणि त्याच वेळी, तितकंच, इतकं बरं वाटलं की ते दोन्ही एकदम सांभाळताना पेन्सिलीचं टोक मोडलं. आई पुन्हा खांदा वर ओढून बसली होती, चित्रासाठी. "नको," लेक म्हणाली. "नीट बसू नकोस. ती भर काढ आणि होतीस तशीच बस." आईने कात्रीच्या टोकाने आतली शिवण उसवली, चिंध्यांची उशी बाहेर काढून पाटावर ठेवली, आणि खांदा सोडला. तो खाली आला. आणि चित्र भराभर पुढे गेलं, दुपारचे दोन वाजेपर्यंत, जेवणाची आठवण कोणालाच झाली नाही.

दोन्ही अर्धे शेजारी ठेवले तेव्हा ते जुळेनात. अकरा वर्षांपूर्वीची उजवी आई तरुण होती, ताठ होती. आजची डावी जवळपास अर्धं बोट खाली उतरली होती. नाकाला नाक भिडत नव्हतं, ओठाची एक पायरी झाली होती. तिचा हात आपोआप कात्रीकडे गेला. वरून एवढं छाटलं, खालून तेवढं, की बसेल. आईने तिचं मनगट धरलं. "कापू नकोस," ती म्हणाली. "जुळत नाही तर नाही." तिने दोन्ही कागद उचलले, एकाची कड दुसऱ्यावर बोटभर चढवली, होते तशा वरखाली, आणि मशीनच्या सुईखाली धरले. कागदावर टाका मोठा घालावा लागतो, नाहीतर कागद फाटतो, हे तिला सांगावं लागलं नाही. कपाळापासून छातीपर्यंत एक शिवण गेली, आणि मशीनने, हलवल्याचा राग म्हणून की काय, मध्ये वरच्या ओठापाशी दोन टाके सोडले. आई म्हणाली, "बघ. सांगितलं होतं."

सहाला फाइलवाल्याने ते सगळ्यात वर ठेवून बांधलं. बाकीची एकोणीस तशीच अर्धी, घडीसकट, मायेसकट. "म्हणजे मुद्दाम म्हणणार ना?" त्याने विचारलं. तिने मान हलवली, आणि ती हो अशी हलवली की नाही अशी ते त्याला कळलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता एका उंच छताच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मध्ये आखूड पांढऱ्या केसांच्या बाई, त्या प्रमुख असाव्यात. त्यांच्या उजव्या हाताला टाय लावलेले एक कार्यालयीन गृहस्थ, समोर यादी. आणि डाव्या हाताला, कपाटाला लागून अगदी कोपऱ्यात, नखांत माती भरलेले एक रुंद, वयस्क शिल्पकार सर. बाईंनी शिवलेलं चित्र बराच वेळ पाहिलं, सुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पान उलटलं. मग दुसरं, तिसरं, भराभर शेवटपर्यंत. "बाकीची अर्धी का आहेत?" त्यांनी विचारलं. तिला फाइलवाल्याचं लांब केलेलं तोंड आठवलं. ते वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ते चांगलं होतं. "ती चूक आहे," ती म्हणाली. "मी कापड बेतते. आम्ही अर्धंच काढतो. मला ती पुरी दिसायची. परवा एकाने दाखवलं तेव्हा कळलं." कार्यालयीन गृहस्थांनी यादीवरून मान वर केली. "अकरा वर्षं?" बाईंनी विचारलं. "अकरा वर्षं," ती म्हणाली. "आणि आईलाही दिसलं नाही. तीही शिवते."

बाई हसल्या, पण थोड्याच. त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दहा मिनिटं. आमच्यातल्या कोणाला तरी काढा." तिने पेन्सिल घेतली. तिची नजर कपाटाजवळच्या सरांवर गेली. जड पापणी, दाट भुवई, टेबलावर टेकलेला मातकट हात, सगळं तिच्या बाजूला, उजेडात, हाताला सोपं. त्यांची दुसरी बाजू कपाटाच्या सावलीत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली, कागद उचलला आणि उभी राहिली.

"कुठे निघालात?" बाईंनी विचारलं. "वेळ सुरू झालाय."

"पलीकडून बघून येते," ती म्हणाली.

टेबलाची ती बाजू परीक्षकांची होती. तिकडे कोणी जात नसावं, कारण टेबल आणि कपाट यांच्या मधून एक माणूस आडवा होऊनच जाईल एवढीच वाट होती, आणि त्या वाटेवर जुन्या चित्रांचे गठ्ठे पडले होते. ती गठ्ठे ओलांडून, पाठीने कपाट घासत आत शिरली. ती इतकी जवळ आली तेव्हा सरांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी डाव्या हाताने पटकन कॉलर सारखी केली, हनुवटी उचलली आणि ते ताठ बसले. बाईंनी टेबलावरचं घड्याळ पालथं घातलं.

"नीट बसू नका, सर," ती म्हणाली. "होतात तसेच बसा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग हळूहळू खांदा सोडला.